सिगारेट ओढणाऱ्या विद्यार्थ्याला नोटीस नको, उपचार द्या: वैद्यकीय महाविद्यालयांच्या अधिष्ठात्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालयांचे सर्व माननीय अधिष्ठाता,
तसेच माननीय कुलगुरू, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक
यांस,

स. न. वि. वि.

उरोरोग (छाती व फुप्फुसांचे आजार) विभागात अध्यापक म्हणून आयुष्याचा मोठा भाग घालवून निवृत्त झालेला मी एक डॉक्टर आहे. एमबीबीएसची नवी तुकडी येण्याच्या सुमारास आपल्या बहुतेक महाविद्यालयांच्या सूचनाफलकावर एक परिपत्रक लागते: परिसरात व वसतिगृहात धूम्रपान करताना आढळल्यास शिस्तभंगाची कारवाई करण्यात येईल. खाली सही, शिक्का आणि जावक क्रमांक असतो. त्यानंतरच्या साडेपाच वर्षांत महाविद्यालय या विषयावर विद्यार्थ्याशी स्वतःहून सहसा बोलत नाही. बोललेच तर दंडाच्या पावतीतून किंवा पालकांना धाडलेल्या पत्रातून बोलते. त्या परिपत्रकाविषयी आणि त्यानंतरच्या मौनाविषयी मला आपल्याशी बोलायचे आहे. कोणत्याही एका महाविद्यालयाकडे माझा रोख नाही. मी जिथे शिकलो, जिथे शिकवले आणि परीक्षक म्हणून जिथे गेलो, तिथे थोड्याफार फरकाने हेच चित्र होते.

निकोटीनचे व्यसन हा आजार आहे, असे आपणच शिकवतो. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत त्याला एफ-१७ असा स्वतंत्र क्रमांक आहे, पीएसएमच्या (रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्राच्या) आणि मनोविकारशास्त्राच्या पुस्तकांत त्यावर मजकूर आहे, आणि व्हॅरेनिक्लिन व ब्युप्रोपिऑन ही व्यसन सोडवणारी औषधे कशी काम करतात हे फार्माकॉलॉजीत विद्यार्थी पाठ करतात. हाच आजार आपल्या विद्यार्थ्याला जडला की मात्र आपण त्याला डॉक्टरकडे न पाठवता वॉर्डनकडे पाठवतो. त्याच विद्यार्थ्याला कावीळ झाली किंवा वॉर्डात काम करताना क्षयाचा संसर्ग झाला, तर त्याच रुग्णालयात त्याचा केसपेपर निघतो, शिक्षक विचारपूस करतात, हजेरीचे पाहू म्हणतात. सिगारेटच्या बाबतीत तो आधी दोषी ठरतो, आणि दोषी ठरलेला मुलगा मदत मागायला आपल्या दारात येईल अशी अपेक्षा कोणी करू नये.

या मुलांच्या वयाचा आधी विचार करावा. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतात तंबाखूची सुरुवात करण्याचे सरासरी वय एकोणीस वर्षांच्या आसपास आहे. नेमक्या त्याच वयात आपल्याकडे मुले प्रवेश घेतात. त्यातली कित्येक त्याआधी लातूरला, नांदेडला किंवा थेट कोट्याला दोन-तीन वर्षे खोली घेऊन राहिलेली असतात. घरचे जेवण आणि घरच्यांची नजर या दोन्हींपासून दूर राहण्याची सवय तिथेच लागलेली असते. काहींची पहिली सिगारेट क्लासच्या गल्लीत होते हे खरे, पण बहुतेकांची सवय पक्की होते ती आपल्या वसतिगृहात, आपल्या रुग्णालयाच्या फाटकासमोर. बाहेरून आलेले व्यसन म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत.

ते पक्के कसे होते, हे मी अनेक वर्षे पाहिले आहे. मेस रात्री साडेनऊ-दहाला बंद होते. वाचन मध्यरात्रीनंतरही चालू असते. जागे राहण्यासाठी खाली उतरून चहा घ्यायचा तर रात्री उघडी असते ती फक्त कॅज्युअल्टीसमोरची टपरी. तिथे एका खांबाला दोरीने लायटर टांगलेला असतो, बरणीत खारी आणि क्रीमरोल असतात, आणि गल्ल्याजवळ उधारीची वही असते. त्या वहीत फर्स्ट एमबीच्या, म्हणजे पहिल्या वर्षाच्या, मुलाचे नावसुद्धा ‘डॉक्टर’ लावूनच लिहिलेले असते. ही पदवी त्याला विद्यापीठाच्या कितीतरी आधी टपरीवाल्याने दिलेली असते, आणि अठरा वर्षांच्या मुलाला तिचे अप्रूप असते. तिथे सिनियर भेटतात, प्रश्नपत्रिकांचे अंदाज कळतात, कोणत्या युनिटचे सर व्हायवात (तोंडी परीक्षेत) काय विचारतात ते कळते. सिगारेट ही त्या बैठकीची वर्गणी होऊन बसते. काही वसतिगृहांत ज्युनिअरला खाली पाठवून सिगारेट मागवण्याची प्रथाही आहे. हे रॅगिंगच आहे, पण रॅगिंगविरोधी समितीच्या बैठकीत या गोष्टीची चर्चा झाल्याचे मी कधी ऐकलेले नाही.

कायदा काय म्हणतो ते आपण जाणताच. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत. राजकीय नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई करताना रुग्णालये आणि शैक्षणिक संस्थांचा स्पष्ट उल्लेख केला होता, आणि २ ऑक्टोबर २००८ पासून याविषयीचे सुधारित नियम देशभर लागू आहेत. सप्टेंबर २०२० मध्ये आपल्या राज्याने सुट्या सिगारेटच्या विक्रीवरही बंदी घातली. प्रत्यक्षात विद्यार्थी पाकीट विकत घेतच नाही. तो एक किंवा दोन सुट्या सिगारेटी घेतो. पाकिटाच्या ८५ टक्के भागावर छापलेले इशाऱ्याचे चित्र त्याला त्यामुळे दिसत नाही आणि त्या इशाऱ्यातच दिलेला १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीच्या मोफत मदतवाहिनीचा क्रमांकही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. आपल्या विद्यार्थ्यांना हा क्रमांक विचारून पाहावा. एमआरआयची तत्त्वे सांगणारी मुले इथे अडखळतील.

टपरी हटवा, एवढेच सांगण्यासाठी मात्र हे पत्र नाही. ती हटवावी, कायदा तसे सांगतो, पण हटवली तर दोनशे पावलांवर दुसरी उभी राहील. मला जास्त काळजी वाटते ती विद्यार्थ्यांच्या मनात तयार होणाऱ्या समजुतींची, कारण त्या समजुती पुढे चाळीस वर्षे रुग्णांच्या वाट्याला येतात.

‘मला सगळे माहीत आहे, ठरवले की सोडेन,’ ही त्यातली सर्वांत जुनी समजूत. निकोटीन फुप्फुसातून मेंदूत पोहोचायला काही सेकंद लागतात आणि रक्तातील त्याचे प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येते. दिवसभर थोड्या थोड्या वेळाने तलफ का येते हे या दोन आकड्यांतच आहे. विद्यार्थ्याला हे आकडे ठाऊक असतात. ठाऊक असल्याने त्याच्या मेंदूतील निकोटीनचे रिसेप्टर, म्हणजे निकोटीनला प्रतिसाद देणारे घटक, वेगळे वागत नाहीत, एवढेच त्याच्या लक्षात येत नाही. कोणाच्याही मदतीशिवाय सोडण्याचा प्रयत्न करणाऱ्या शंभरांपैकी जेमतेम तीन ते पाच जणच सहा महिने ते वर्षभर टिकतात. वैद्यकीय विद्यार्थी या हिशेबातून वगळला जात नाही.

दुसरी समजूत ताणाची. सिगारेटमुळे ताण हलका होतो, असे प्रत्येक जण सांगतो आणि ते त्याच्या अनुभवाला धरूनही असते. ड्युटीच्या अठराव्या तासाला रेसिडेंट (निवासी डॉक्टर) बाहेर येऊन सिगारेट पेटवतो तेव्हा त्याला बरे वाटते ते मुख्यतः मागच्या सिगारेटनंतर सुरू झालेली चिडचिड आणि बेचैनी थांबल्यामुळे. वॉर्डातला ताण तिथेच असतो, त्यात मध्येमध्ये येणाऱ्या तलफेची भर पडते. धूम्रपान सोडल्यावर काही आठवड्यांत चिंता आणि उदासीनता कमी होते, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसून आले आहे. ही गोष्ट मुलांना सांगितली की ती चकित होतात, आणि त्यांच्या चकित होण्याचे मला वाईट वाटते, कारण हा तर आपल्या शिकवण्याचा भाग असायला हवा होता. अर्थात ताण खोटा आहे, असे मी म्हणत नाही. सलग छत्तीस तासांची ड्युटी लावायची, झोपायला रेसिडेंटना धड खोली द्यायची नाही आणि मग सिगारेटवर व्याख्यान द्यायचे, हे कोणत्याही अध्यापकाला शोभत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने २०२४ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी अहवाल दिला आहे. तो आपल्या कपाटात असेलच.

तिसरी समजूत बोलून दाखवली जात नाही, तरी मला तीच सर्वांत घातक वाटते: तंबाखू सोडवणे हे डॉक्टरचे काम नव्हे, डॉक्टरने फक्त नोंद करायची. ही समजूत टपरीवर तयार होत नाही. ती वॉर्डात, आपल्या देखरेखीखाली तयार होते.

एक प्रसंग सांगतो. बेडसाइड क्लिनिक, म्हणजे रुग्णाच्या खाटेजवळ घेतला जाणारा तास, चालू होते. खाटेवर मार्केट यार्डात हमाली केलेले एक गृहस्थ होते. ओठांवर निळसर झाक, छाती पिंपासारखी फुगलेली, श्वास सोडताना ओठांचा चंबू. केस घेणारा विद्यार्थी हुशार होता.

‘मामा, बिडी ओढता का?’
‘ओढतो की.’
‘दिवसाला किती?’
‘एक बंडल पुरतं.’
‘किती वर्षं झाली?’
‘लग्नाच्या आधीपासून.’

विद्यार्थ्याने लग्नाचे साल विचारले, बिड्यांचा आणि वर्षांचा गुणाकार केला, स्मोकिंग इंडेक्स मांडला, ‘बिडी सोडा बरं का मामा’ असे म्हटले आणि छाती ठोकून पाहायला बोटे ठेवली. तेवढ्यात मामा म्हणाले, ‘सोडा सोडा सगळेच म्हणतात साहेब. कशी सोडायची ते कोणी सांगत नाही. तुमच्या कोटालापण वास येतोय. तुम्हाला जमलं तर मला सांगा.’ बोलण्यात टोमणा नव्हता. माणूस खरोखर विचारत होता. बाकीची मुले हसली आणि केस घेणारा मान खाली घालून पर्कशन करत राहिला. त्या मुलाला एम्फिसेमाचे (फुप्फुसाच्या आजाराचे) प्रकार तोंडपाठ होते, रीड इंडेक्स म्हणजे काय ते सांगता येत होते, इनहेलरच्या मात्रा माहीत होत्या. ‘कशी’ या एका शब्दाला त्याच्याकडे उत्तर नव्हते, कारण ते त्याला कोणी शिकवलेलेच नव्हते.

त्या दिवशी पर्कशन बाजूला ठेवून आम्ही ते उत्तर दिले. सकाळी उठल्यावर पहिली बिडी किती वेळात लागते, असे मामांना विचारले. अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर व्यसन घट्ट आहे हे मुलांना समजावले. कोणत्या वेळची बिडी सोडणे सर्वांत अवघड वाटते ते विचारले. त्यांनी चहानंतरची आणि परसाकडच्या आधीची अशा दोन सांगितल्या. त्या दोन वेळांना बिडीऐवजी काय करायचे ते ठरवले, निकोटीनचे च्युइंगगम कसे चावायचे आणि मग गालात कसे दाबून ठेवायचे ते दाखवले, घरी कोणाला सांगणार ते विचारले, आणि सोडण्याची तारीख त्यांच्याकडूनच काढून घेतली. त्यांनी आषाढी एकादशी सांगितली. त्यांच्या गावात माळ घातल्यावर तंबाखू सोडलेली माणसे त्यांनी पाहिली होती. एक ठरलेला दिवस, चार लोकांसमोर घेतलेला शब्द आणि तो मोडू नये म्हणून आजूबाजूला असलेली माणसे, हे सगळे माळेत आहे, आणि व्यसनमुक्तीच्या शास्त्रातही जवळपास तेच आहे. या साऱ्याला दहा-बारा मिनिटे लागली. विद्यार्थ्यांनी वह्या काढून लिहून घेतले. क्लिनिक संपल्यावर त्यांच्यातला एक जण मागे रेंगाळला आणि त्याने मला च्युइंगगमची किंमत विचारली. कोणासाठी हवे, असे मी विचारले नाही.

हे अपवादात्मक क्लिनिक असण्याचे काहीच कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने २००५ पासून निरनिराळ्या देशांत आरोग्यशास्त्राच्या तिसऱ्या वर्षातील विद्यार्थ्यांचे तंबाखूविषयक सर्वेक्षण होत आले आहे. देश कोणताही असो, त्यातून एकच विसंगती पुढे येते: रुग्णाला तंबाखू सोडायला मदत करणे हे आपले काम आहे, असे बहुसंख्य विद्यार्थी मानतात आणि ते कसे करायचे याचे रीतसर प्रशिक्षण त्यांतल्या थोड्यांनाच मिळालेले असते. धूम्रपान करणारे डॉक्टर रुग्णांना त्याविषयी कमी वेळा आणि कमी ठामपणे सल्ला देतात, हेही वारंवार दिसून आले आहे. मामांच्या खाटेजवळ खाली गेलेली ती मान म्हणजे हेच.

आपल्या व्यवसायाचा इतिहास याहून चांगला आहे, आणि त्यात वैद्यकीय विद्यार्थ्याला मानाचे स्थान आहे. अमेरिकेतील सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात शिकणाऱ्या अर्न्स्ट विंडर याने १९४८ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने गेलेल्या एका माणसाचे शवविच्छेदन पाहिले आणि त्याच्या सिगारेटच्या सवयीची चौकशी केली. मग तो असे रुग्ण गाठून त्यांच्या मुलाखती घेऊ लागला. त्याचे वरिष्ठ इव्हर्ट्स ग्रॅहम हे नामांकित शल्यविशारद होते. कर्करोगासाठी संपूर्ण फुप्फुस काढण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया त्यांनी १९३३ मध्ये केली होती. ते स्वतः भरपूर सिगारेट ओढत आणि सिगारेटमुळे हा कर्करोग होतो या कल्पनेवर त्यांचा विश्वास नव्हता, तरीही त्यांनी विद्यार्थ्याला अडवले नाही. ६८४ रुग्णांचा तो अभ्यास मे १९५० मध्ये दोघांच्या नावे प्रसिद्ध झाला. आकडे पाहिल्यावर ग्रॅहम यांनी पुढे सिगारेट सोडली, पण फार उशीर झाला होता. १९५७ मध्ये ते फुप्फुसाच्या कर्करोगानेच गेले.

त्याच १९५० साली लंडनमध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संशोधकांचाही तोच निष्कर्ष आला. स्वतः डॉल यांनी ते संशोधन चालू असतानाच सिगारेट सोडली. पुढच्याच वर्षी या दोघांनी ब्रिटनमधील डॉक्टरांना टपालाने प्रश्नावली पाठवली आणि ३४ हजारांहून अधिक पुरुष डॉक्टरांचा मागोवा सुरू झाला. तो पन्नास वर्षे चालला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अखेरच्या अहवालानुसार सतत धूम्रपान करणारे सरासरी दहा वर्षे आधी मरण पावले. साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांना त्यातली सुमारे तीन वर्षे, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्यांना सहा, चाळिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांना नऊ आणि तिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांना जवळजवळ पुरती दहा वर्षे परत मिळाली. सिगारेटने माणूस मरतो याचा सर्वांत भक्कम पुरावा डॉक्टरांच्या स्वतःच्या मृत्यूंतून गोळा झाला. ब्रिटनमधील डॉक्टरांनी तो वाचला आणि सामान्य जनतेच्या आधी सिगारेट सोडायला सुरुवात केली. आपला इंटर्न बाहेर पडतो तेव्हा चोवीस-पंचवीस वर्षांचा असतो. त्याला आत्ता मदत मिळाली तर ती दहाच्या दहा वर्षे अजून त्याच्या हातात आहेत. फुप्फुसे दाखवून घाबरवण्यापेक्षा हा हिशेब मुलांना अधिक पटतो, असा माझा अनुभव आहे.

इथे महाराष्ट्राची एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण आपली परिपत्रके ती विसरतात. त्याच २०१६-१७ च्या सर्वेक्षणात राज्यातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते. त्यांत धूम्रपान करणारे चार टक्क्यांच्या आतच होते आणि चघळणारे, लावणारे, खाणारे जवळपास चोवीस टक्के. मळलेली तंबाखू, मिश्री, गुटखा, विदर्भात खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण). राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी तो कुठे मिळतो ते प्रत्येक रिक्षावाल्याला ठाऊक आहे. विदर्भातील वसतिगृहांत खर्ऱ्याची पन्नी सिगारेटइतकीच सहज फिरते आणि तिला धूर नसल्यामुळे परिपत्रकात तिचे नाव नसते. ई-सिगारेटवर २०१९ पासून देशभर बंदी आहे. तिला वास कमी येतो, म्हणून तीही सुटते. तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण आपल्या ईएनटी आणि दंत विभागात रोज येत असताना विद्यार्थ्याच्या गालातील खर्ऱ्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, याला काय म्हणावे? राज्यातील चारपैकी एका प्रौढाला ज्या बाबतीत डॉक्टरची मदत हवी, ती मदत करायची रीत माहीत नसलेला डॉक्टर आपण दरवर्षी हजारोंच्या संख्येने बाहेर पाठवतो. देशपातळीवर त्या सर्वेक्षणात धूम्रपान करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी सोडण्याचा विचार असल्याचे सांगितले होते. डॉक्टर किंवा आरोग्यसेवकाकडे गेलेल्यांपैकी सोडण्याचा सल्ला मिळालेले मात्र निम्म्यापेक्षा थोडे कमीच भरले, आणि तंबाखू खाणाऱ्यांत तर ते सुमारे एक तृतीयांशच होते.

आता मागणे. प्रत्येक महाविद्यालयाच्या रुग्णालयात तंबाखूमुक्तीची ओपीडी असावी, आणि ती विद्यार्थी, रेसिडेंट, परिचारिका व चतुर्थश्रेणी कर्मचारी यांच्यासाठी आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळी पाचनंतर चालावी. सकाळच्या ओपीडीत विद्यार्थी येणार नाही, कारण तिथे त्याचेच वर्गमित्र नोंदणीला बसलेले असतात. त्याच्या भेटीची नोंद वैद्यकीय गोपनीयतेच्या नियमांनीच ठेवावी. ती वॉर्डनकडे, शिस्तपालन समितीकडे किंवा पालकांकडे जाणार नाही, असे अधिष्ठात्यांनी स्वतःच्या सहीने लिहून द्यावे. धूम्रपानबंदीचे परिपत्रक जिथे लागते तिथेच हे हमीपत्रही लागावे. उरोरोग, मनोविकार आणि पीएसएम हे तीन विभाग मिळून ही ओपीडी चालवू शकतात; त्यासाठी नवे पद लागत नाही, दोन खुर्च्या, एक टेबल आणि निकोटीन च्युइंगगमचा साठा लागतो. निकोटीनची ही औषधे जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत २००९ पासून आहेत. आपल्या रुग्णालयांच्या खरेदी यादीत ती का नाहीत, हा प्रश्न औषधभांडाराला विचारण्यासारखा आहे.

विद्यापीठाकडे माझे वेगळे मागणे आहे. विद्यार्थी परीक्षेत जे विचारले जाते ते शिकतो, यात त्याचा दोष नाही. मेडिसिनच्या अंतिम प्रात्यक्षिक परीक्षेत तंबाखू सोडवण्याच्या समुपदेशनाचे एक सक्तीचे स्थानक (परीक्षेचा टप्पा) असावे: पाच मिनिटे, समोर एक रुग्ण, आणि विद्यार्थ्याने विचारणे, स्पष्ट सल्ला देणे, त्याची तयारी जोखणे, मदतीचा मार्ग ठरवणे आणि पुन्हा भेटीची तारीख देणे, एवढे करून दाखवावे. गुण द्यावेत आणि हे न जमणाऱ्याचे गुण कापावेत. ज्या वर्षी हे सुरू होईल त्या वर्षी क्लासच्या नोट्समध्ये आणि सिनियरांच्या झेरॉक्समध्ये हा विषय आपोआप येईल. २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधारित अभ्यासक्रमात संवादकौशल्याला जागा आहे; ती आज बहुधा नाट्यछटेसारखी उरकली जाते. याच जागेत हे बसते.

यावर येणारे आक्षेप मी स्टाफरूममध्ये पुष्कळ ऐकले आहेत. मुले सज्ञान आहेत, त्यांच्या खासगी सवयींत महाविद्यालयाने का पडावे, असे काही सहकारी म्हणतात. सज्ञान आहेत म्हणूनच पालकांना पत्र पाठवणे बंद करावे आणि रुग्ण म्हणून त्यांना सेवा द्यावी, असे माझे उत्तर आहे. दुसरा आक्षेप कोणी उघड घेत नाही: विभागप्रमुखच आपल्या खोलीत सिगारेट ओढत असतील तर विद्यार्थ्याला कोण सांगणार? हे आता पूर्वीइतके राहिलेले नाही, पण संपलेलेही नाही. ओपीडी अध्यापकांसाठीही खुली ठेवावी, एवढेच मी सुचवतो. ग्रॅहम यांना सिगारेट सोडता आली होती, आणि ते कोणत्याही विभागप्रमुखापेक्षा कमी मानी नव्हते.

मुलींविषयी वेगळे सांगतो. धूम्रपान करणारा मुलगा सापडला तर प्रकरण शिस्तीचे होते. मुलगी सापडली तर ते चारित्र्याचे होते, वॉर्डनबाईंची भाषा बदलते आणि घरी फोन जातो. परिणाम असा की मुली सिगारेटविषयी कोणाजवळही बोलत नाहीत. बाथरूममध्ये ओढतात, वर लवंग चघळतात आणि केस धुऊन वॉर्डात येतात. गर्भनिरोधक गोळ्यांबरोबर सिगारेट घेतल्यास रक्ताच्या गुठळ्यांचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो, हे त्यांच्याशी विश्वासाने बोलायला कोणीतरी हवे. त्या ओपीडीत एक स्त्री डॉक्टर असावी आणि वसतिगृहाच्या प्रशासनाशी तिचा काही संबंध नसावा.

ज्या महाविद्यालयांना हे करायचे असेल त्यांनी नव्या तुकडीच्या फाउंडेशन कोर्सपासून, म्हणजे सुरुवातीच्या ओळखवर्गांपासून, सुरुवात करावी. त्या कोर्समधील एक तास द्यावा. ज्येष्ठ प्राध्यापकाच्या व्याख्यानाऐवजी सिगारेट किंवा खर्रा सोडलेल्या दोन रेसिडेंटना बोलायला बसवावे आणि अध्यापकांनी खोलीबाहेर जावे. तासाच्या शेवटी ओपीडीची वेळ, तिथे बसणाऱ्या डॉक्टरचे नाव आणि मदतवाहिनीचा क्रमांक फळ्यावर लिहावा. ओपीडीच्या पहिल्या काही महिन्यांसाठी समुपदेशन करणारा माणूस हवा असल्यास मी विनामानधन यायला तयार आहे. माझ्यासारखे निवृत्त उरोरोग अध्यापक बहुतेक जिल्ह्यांत आहेत, त्यांनाही विचारावे. संध्याकाळी पाचनंतर आम्हाला बहुधा मोकळाच वेळ असतो.

आपला विश्वासू,
एक निवृत्त उरोरोग प्राध्यापक